युरोप कसा करावा

आपल्याकडे युरोप बघत नाहीत, करतात. अष्टविनायक केले, चारधाम केलं, गुडघ्याचं ऑपरेशन केलं, युरोप केला. तर ज्यांचा अजून व्हायचाय आणि कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर ‘तुमचा झाला का हो?’ असं कुणी विचारलं की ज्यांना दुधाच्या कपात बघत बसावं लागतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी मागच्या जूनमध्ये केला, बारा दिवसांत सात देश, सोबत बायको आणि बायकोची मावशी. अनुभवाचे बोल आहेत, फुकट देतोय, घ्या.

सगळ्यात आधी देश मोजा. शहरं, म्युझियमं, डोंगर वगैरे नंतर, आधी आकडा. आमच्या सातात एक व्हॅटिकन होता, ४४ हेक्टरचा देश, सकाळी हॉटेलात ब्रेड-जॅम खाऊन निघालो ते साडेदहाला एक देश खिशात. दुसरा लिश्टेनस्टाइन. हा १६० चौरस किलोमीटरचा, आपला साधा तालुका याच्यापेक्षा मोठा निघेल, पण देश तो देशच. तिथे वाडुझ नावाच्या राजधानीत बस चाळीस मिनिटं थांबली, त्यातली वीस टॉयलेटच्या रांगेत गेली आणि उरलेल्या विसात सगळा ग्रूप टुरिस्ट ऑफिसकडे पळाला, कारण तिथे पैसे दिले की पासपोर्टवर हौसेचा शिक्का मारून मिळतो. बॉर्डरवर कुणी विचारत नाही, शिक्क्याची कायद्याने काही गरज नाही, तरी लोक रांगेत. आपल्याकडे कचेरीत शिक्का मारायला कुणी पैसे मागितले की हेच लोक केवढी बोंब मारतात! तो डोंगरावरचा राजाचा किल्ला आमच्यातल्या कुणीच बघितला नाही, पण शिक्का सगळ्यांकडे आहे, मागाल तेव्हा दाखवतील.

दुसरं, बसमधली सीट. युरोपात जे काही बघायचंय ते बसच्या पहिल्या सीटवरून दिसतं आणि सातव्या रांगेतून दिसत नाही, अशी श्रद्धा पाहिजे. टूर मॅनेजर पहिल्याच दिवशी सीट रोटेशनचा तक्ता ग्रूपवर टाकतो, तो पाठ करा. आमच्यातले कोथरूडचे एक काका रोज पहाटे तक्ता आणि प्रत्यक्ष बसलेली माणसं टॅली करायचे, आयुष्यभर ऑडिटमध्ये होते म्हणे. त्यांना फ्लॉरेन्स कुठल्या दिवशी झालं ते आता आठवत नाही, पण त्या दिवशी त्यांची हक्काची चौथी रांग कुणी बळकावली होती ते नावानिशी आठवतं. ड्रायव्हरशी मात्र वाद घालू नका. तिकडे साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास ब्रेक घ्यावाच लागतो, गाडीतल्या मशीनमध्ये सगळी नोंद होते. आमच्या काकांनी त्याला ‘चल रे बाबा, अजून अर्धा तास ओढ’ असं हातवारे करून सांगून बघितलं. त्याने खाली उतरून सिगरेट पेटवली.

बॅग भरताना आठवणीने घ्या भडंग, चकल्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. लोणच्याची बरणी दोन पिशव्यांत बांधा, तीन नको. तीन पिशव्यांत बांधलेली फुटत नाही, आणि बरणी फुटल्याशिवाय टूरला सांगण्यासारखं काही घडत नाही. आमची इन्सब्रुकला फुटली. माझा एक स्वेटर अजून थोडा आंबट आहे.

जेवणाची काळजी नको, रोज संध्याकाळी साडेसहाला पनीर, डाळ, जीरा राइस आणि गुलाबजाम मिळतो, रोममध्ये, पॅरिसमध्ये, सगळीकडे तोच, चवीलाही तोच, मला तर वाटायला लागलं की एकच आचारी आमच्या बसच्या पुढे मोटारसायकलवर पळतोय. जूनमध्ये पॅरिसला अंधार पडायला दहा वाजून जातात, त्यामुळे साडेसहाला भर उन्हात रात्रीचं जेवण होतं. आयफेल टॉवर अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं चमचम करतो म्हणतात. आम्ही तेव्हा गावाबाहेरच्या हॉटेलात उद्याच्या बॅगा भरत होतो. यूट्यूबवर आहे, छान आहे.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे बघायचं कसं. उत्तर सोपं आहे, पाठ करून. जे काही बघायला आलोय त्याच्याकडे पाठ करायची, हात लांब करायचा, हसायचं, झालं. सुरुवातीला मला जमेना, मी येड्यासारखा तोंड करून उभा राहायचो, मग बायको ओरडायची, अहो वळा इकडे. रोमच्या ट्रेवी कारंज्यापाशी तर पाठ करणं हा नियमच आहे! कारंज्याकडे पाठ करून उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून नाणं टाकायचं म्हणजे रोमला पुन्हा येणं होतं. ती नाणी नंतर काढून गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देतात, त्यामुळे पुण्यही लागतं. माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाईंनी एक युरो म्हणजे किती हे आधी मोबाइलवर बघितलं आणि मग पर्समधून आपला दोन रुपयांचा कॉइन काढून टाकला. रोमला पुन्हा यायचंय, पण इतकंही नाही.

त्याच कारंज्याचं पाणी इसवी सन पूर्व १९ मध्ये बांधलेल्या जलवाहिनीच्या वाटेने येतं. रोमभर रस्त्याच्या कडेला लोखंडी नळ आहेत, चोवीस तास गार पाणी, फुकट, लोक बाटल्या भरून घेतात. तुम्ही ते पिऊ नका. बसमध्ये ड्रायव्हर एक युरोला बाटली विकतो ती घ्या आणि घरी आल्यावर ‘युरोपात पाणीसुद्धा विकत घ्यावं लागतं हो’ असं सांगा, हे वाक्य सगळ्यांना आवडतं.

रोमचं पॅन्थिऑन, म्हणजे जुन्या रोमन देवांचं देऊळ, आमच्या पत्रकात ‘फोटो स्टॉप’ होता. फोटो स्टॉप म्हणजे कळसदर्शन. आत जायला तेव्हा पाच युरो तिकीट होतं, त्यापेक्षा समोर आइस्क्रीम खा, पंचवीस मिनिटं आहेत. इथे मावशींनी पहिला घोळ केला. त्या म्हणाल्या, एवढं लांब आलोय तर दारावरून काय परत जायचं, देव कुठला का असेना. मग मी गेलो त्यांच्यासोबत. आत वर बघितलं तर घुमटाला मधोमध भोक, नऊएक मीटरचं, उघडं! आणि त्यातून तेव्हाच पावसाची भुरभुर सुरू झाली आणि सरळ रेषेत खाली फरशीवर पडायला लागली, मधली जागा दोरी लावून मोकळी ठेवलेली. मावशी खाली बघत होत्या. फरशीला अगदी हलका उतार आहे आणि छोटी छोटी भोकं आहेत, पाणी गेलं त्यातून निघून. ‘बघ,’ मावशी म्हणाल्या, ‘ह्यांनी वर भोक ठेवलं तरी पाणी साठत नाही आणि आपल्याकडे भोक नसताना माझ्या बेडरूममध्ये बादली लावावी लागते.’ घुमटाचा व्यास ४३ मीटरच्या वर, आत लोखंडी सळई नाही, नुसतं काँक्रीट, वरवर जाताना हलका दगड मिसळत नेलेला, आणि हे साधारण इसवी सन १२६ च्या सुमाराचं. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगला एकतीस वर्षं झाली, रिडेव्हलपमेंटच्या चार मीटिंगा होऊन गेल्या.

या सगळ्या नादात बसला बारा मिनिटं उशीर झाला. आम्ही चढलो तेव्हा सगळ्या बसने टाळ्या वाजवल्या, आणि नियमाप्रमाणे उशीर करणाऱ्याने माइकवर गाणं म्हणायचं, तेव्हा मावशींनी भूपाळी म्हटली, दुपारी साडेतीनला. तर सांगायचं काय, उशीर करू नका.

पिसाला मात्र उशीर केलात तरी चालेल, टॉवर पडत नाहीये. ११७३ मध्ये बांधायला घेतला, तिसऱ्या मजल्यापर्यंत जाईतो मऊ जमिनीत एका बाजूने खचायला लागला, आणि १९९० मध्ये तो बंद करून इंजिनियर लोकांनी अकरा वर्षं डोकं लावलं. ढकलून सरळ नाही केला, उलट जी बाजू उंच होती तिच्याखालची माती थोडी थोडी काढत गेले, सुमारे ४५ सेंटिमीटर मागे आला आणि २००१ ला पुन्हा उघडला. मुद्दाम थोडा वाकडा ठेवला म्हणे. हे ज्ञान तिथे कामाचं नाही. तिथे हिरवळीवर दोन-तीनशे माणसं हात वर करून गोवर्धन उचलल्यासारखी उभी असतात, प्रत्येकाच्या समोर एक नवरा गवतात पालथा पडून ‘थोडं डावीकडे, अगं डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे’ करत असतो. बाजूने बघितलं तर त्या हातांत काहीच नसतं. सत्तावीस फोटोंनंतर आमचा टॉवर बायकोच्या तळहातावर आला. ती म्हणाली, चेहरा नीट नाही आला.

व्हेनिसचं फार नाही सांगत, गोंडोला अर्ध्या तासाला ९० युरो असा दर ठरलेला आहे, घासाघीस करू नका, काकांनी केली. ती होडी मुद्दाम डावीकडे जास्त रुंद बांधतात, कारण वल्हं एकच आणि उजव्या बाजूला, नाहीतर ती गोल गोल फिरेल. हे मला होडीवाल्याने सांगितलं आणि मी ग्रूपला सांगायला गेलो तर सगळे लाइव्ह होते.

स्वित्झर्लंडला टिटलिस डोंगरावर जाताना केबल कार स्वतःभोवती फिरते म्हणजे प्रत्येकाला सगळीकडचं दिसावं. आमच्या ग्रूपने तिच्यासोबत उलट्या दिशेने फिरून दाखवलं, ज्याने त्याने आपापली खिडकी सोडली नाही. ३,०२० मीटरवर बाहेर आल्प्स पसरलेले आणि ग्रूप कुठे, तर शाहरुख आणि काजोलच्या पुठ्ठ्याच्या कटआउटपुढे लाइनीत. मीही काढला. चांगला आलाय.

ल्युसर्नला एका कड्यात कोरलेला मोठा सिंह आहे, तिथे पाच मिनिटं. ‘अय्या, झोपलाय, किती गोड’ म्हणत सगळ्यांनी हसत हसत फोटो काढले. मावशी म्हणाल्या, झोपला नाहीये तो, मरतोय, कुशीत भाला मोडलाय बघा. खरंच होता भाला. १७९२ मध्ये पॅरिसच्या राजवाड्यात राजाच्या पहाऱ्यावर असताना मारल्या गेलेल्या स्विस शिपायांचं ते स्मारक आहे, १८२१ चं. म्हणजे हे लोक जिथे मेले ती ट्युइलरी बाग आम्हाला तीन दिवसांनी पॅरिसला लुव्र म्युझियमच्या शेजारीच लागली, राजवाडा नंतर जळून गेला, बाग आहे. मला बसमध्ये सांगायचं होतं पण त्या दिवशी रोटेशनमध्ये पहिली सीट आमची होती, ती सोडून माइकपर्यंत कोण जाणार.

आता शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, लुव्रची मोनालिसा. चित्र ७७ बाय ५३ सेंटिमीटर, म्हणजे साधारण आमच्या किचनच्या खिडकीएवढं, काचेच्या आड, आणि त्याच्यापुढे जी गर्दी असते तिला मी ठाण्याला संध्याकाळी ६:४० ला ओळखतो. तंत्र तेच वापरा, बॅग पुढे, कोपर बाहेर, आणि सरका. पुढे पोचलात की लगेच गर्रकन वळा, मोनालिसाकडे पाठ, हात वर, क्लिक. मला दोन फोटोंएवढा वेळ मिळाला, एकात मोनालिसा आहे, एकात कुणाचातरी कॅमेरा आहे.

ही चूक करू नका, पण तिथे वळल्यावर मी मोबाइलच्या वरून क्षणभर समोर बघितलं. समोरची अख्खी भिंत म्हणजे एक चित्र! जवळजवळ दहा मीटर रुंद, लुव्रमधलं सगळ्यात मोठं, आणि हॉलमधले सगळे त्याच्याकडे पाठ करून उभे. जे सेल्फीसाठी वळलेत तेवढ्यांचंच तोंड तिकडे, तर ते स्वतःला बघतायत. आणि त्या चित्राखाली एकटीच माणूस उभी, आमच्या मावशी, पर्स पोटाशी धरून. गुडघ्यामुळे त्या गर्दीत आल्याच नव्हत्या.

मी गेलो तर त्या म्हणाल्या, ‘लग्न आहे रे. दारू संपलीय आणि येशू पाण्याची दारू करून देतोय, आमच्या शाळेत सिस्टर सांगायच्या. ती बघ, ती बाई पंगतीत बसून दात कोरतेय.’ खरंच कोरत होती. ‘आणि इकडे मांजर बघ, त्या रांजणाला नखं मारतंय.’ व्हेरोनीज नावाच्या चित्रकाराने १५६३ मध्ये व्हेनिसच्या एका मठातल्या जेवणाच्या खोलीसाठी काढलेलं हे चित्र, १७९७ मध्ये नेपोलियनच्या फौजेने उचलून पॅरिसला आणलं आणि परत काही गेलं नाही. तो मठ आम्ही गोंडोलाच्या लायनीत उभे असताना पाण्यापलीकडे समोर दिसत होता. तिथे आता या चित्राची कॉपी लावलीय.

बसला पुन्हा उशीर. पुन्हा टाळ्या. पुन्हा भूपाळी.

तेव्हा अशी माणसं सोबत नेऊ नका. मावशींकडे बारा दिवसांचे एकूण नऊ फोटो आहेत, त्यातले चार चुकून काढलेले फरशीचे. परत आल्यावर बिल्डिंगमधल्या जोशीकाकूंनी विचारलं, मग काय, मोनालिसा कशी होती? मावशी म्हणाल्या, ‘ती नाही दिसली हो, पण तिच्या समोरच एक लग्न होतं, तिथे होते मी.’

काकूंना वाटतं मावशींची तब्येत तिकडे बिघडली होती.