नातवाबरोबर कार्टून पाहताना घ्यावयाची खबरदारी

तुमचं वय साठीच्या पुढे असेल, बीपीची गोळी सकाळी आणि कोलेस्टेरॉलची रात्री चालू असेल, आणि रविवारी दुपारी नातू मांडीवर चढून "आबा, पिक्चर लावा ना" म्हणत असेल, तर हा लेख कापून फ्रिजच्या दाराला लावून ठेवा. आम्हाला कुणी सांगणारं नव्हतं. "लहान मुलांचं आहे, त्यात काय असणार" असं म्हणत आम्ही बसलो आणि एका नारिंगी माशापायी घरातली चाळीस वर्षांची पत घालवली.

पत कसली, ते सांगतो. मी बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. समोर बसून माणसं रडायची आणि मी शांतपणे विचारायचो, "तारण काय देताय?" मुलीच्या पाठवणीला सगळा हॉल हुंदके देत होता तेव्हा मी केटररशी उरलेल्या ताटांचा हिशेब करत होतो. १९९१ साली 'माहेरची साडी' लागला, बायका जादा रुमाल घेऊन थिएटरात जायच्या. मी हिच्या शेजारी बसून शेवटपर्यंत खारे शेंगदाणे खाल्ले. असं स्वच्छ रेकॉर्ड असलेल्या माणसाची ही गत झाली, तिथे तुमचं काय होईल? म्हणून आधीच सावध करतो.

पहिली गोष्ट, 'मुलांचा चित्रपट' या शब्दांना भुलू नका. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'चा नाताळचा अंक थट्टेचे विषय पूर्ण गांभीर्याने आकडेमोड करून छापतो. २०१४ च्या अंकात त्यांनी मुलांचे ४५ गाजलेले अॅनिमेशनपट घेतले, १९३७ च्या 'स्नो व्हाइट'पासून २०१३ च्या 'फ्रोझन'पर्यंत, आणि मोठ्यांच्या ९० चित्रपटांशी त्यांची तुलना केली. निघालं असं, की मुलांच्या चित्रपटात महत्त्वाचं पात्र मरण्याचा धोका अडीच पट. नायकाच्या आईवडिलांचा तर पाचपट. विमा कंपनीत असतो तर या मंडळींची पॉलिसी मी पहिल्याच टेबलावर नाकारली असती. तेव्हा मनःशांती हवी असेल तर खुनाच्या मालिका लावा. तिथे मरतात ते बिल्डर नाहीतर बिल्डरचे मेहुणे. आपण चहा पीत बघू शकतो.

तरीही कार्टूनच बघायची वेळ आली, तर सुरुवातीची दहा मिनिटं स्वयंपाकघरात काढा. उशिरा पोचणं ही आपली जुनी कला आहे, ती इथे कामी येते. 'फाइंडिंग नेमो' (२००३) घ्या. पाट्या अजून पुऱ्या झालेल्या नसतात, तेवढ्यात बॅराकुडा नावाचा शिकारी मासा येतो आणि माशाची बायको आणि चारशेहून जास्त अंडी संपवून जातो. उरतं एक, तेही चीर गेलेलं. तुम्ही दहा मिनिटांनी आलात तर तुम्हाला फक्त एक किरकिऱ्या, पोराच्या मागे मागे करणारा बाप दिसेल आणि "फारच काळजी करतो हा" म्हणून तुम्ही निवांत बसाल. मी वेळेवर बसलो होतो.

अशा वेळी विज्ञानाचा आधार घ्यावा, असं मला एका मित्राने सुचवलं. म्हणून वाचलं. सिनेमातला हा नारिंगी मासा म्हणजे क्लाउनफिश, आणि या जातीत मादी मेली की तिचा जोडीदार नरच हळूहळू मादी होतो. म्हणजे सिनेमा शास्त्रीयदृष्ट्या साफ चुकीचा आहे, त्यात रडण्यासारखं काहीच नाही, हे मी स्वतःला बजावलं. दोन मिनिटं बरं वाटलं. मग डोक्यात आलं, म्हणजे बायको गेल्यावर हा बापच पोराची आई होतो? यानंतरची वीस मिनिटं मला टीव्ही दिसला नाही. विज्ञानाचा आधार घेऊ नका.

आता सबबींकडे वळू. "डोळ्यात काहीतरी गेलं" ही १९६० सालची सबब आहे, ती बाद झाली. सर्दी म्हणाल तर काढा प्यावा लागतो. मी त्या दिवशी घाईघाईत "कांदा" म्हणालो.

ही शेजारीच बसली होती. म्हणाली, "अहो, मी लसूण सोलतेय."

तेव्हा कांदा म्हणण्याआधी परातीत डोकवा. मोतीबिंदूची सबब त्याहून भारदस्त वाटते, पण तिचा खर्च फार. मी ती वापरली आणि तिसऱ्या दिवशी सूनबाईने डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्यांनी बुबुळं मोठी करणारे थेंब घातले, अर्धा तास अंधारात बसवलं, आत बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, "मोतीबिंदू अजिबात नाही. डोळ्यांत ओलावाही छान आहे, या वयात बहुतेकांचे कोरडे पडतात." आठशे रुपये.

नातवाची चिंता मात्र करू नका. पोरं या बाबतीत दगडाची असतात. भवभूतीच्या नाटकात दगडसुद्धा रडतो, पण त्याने आमचा नातू पाहिला नव्हता. 'द लायन किंग'मध्ये तो रानजनावरांचा लोंढा दरीत उतरतो आणि सिंहाचा बाप त्यात जातो. १९९४ च्या मूळ चित्रपटातला तो अडीच मिनिटांचा लोंढा काढायला कलाकारांना दोन वर्षांहून जास्त लागली. दोन वर्षांत एकाच्याही मनात आलं नाही, की बाबांनो, हे घरोघरी माणसं बघणार आहेत? छावा बापाच्या पंज्याखाली शिरून निजतो, इकडे मी छताच्या पंख्याकडे बघत पाती मोजतोय, आणि साडेपाच वर्षांचं पोरगं गंभीरपणे विचारतं, "आबा, ती जनावरं गवत खातात ना? मग त्यांना सिंहाला मारून काय मिळालं?" मी म्हटलं, "काही नाही रे." तो म्हणाला, "मग येडीच आहेत," आणि चकली घेतली.

२०१९ चा नवा अवतार हिंदीत बघत असाल तर आणखी जपा. त्यात बाप सिंहाचा आवाज शाहरुख खानचा आहे आणि मोठ्या झालेल्या पोराचा आवाज त्याच्या खऱ्या पोराचा. मेलेला बाप ढगांतून बोलतो तेव्हा खरा बाप खऱ्या मुलाशी बोलत असतो. ही माहिती मला सूनबाईने ऐन त्या प्रसंगाला पुरवली. अशी माहिती देणाऱ्या माणसाला सोफ्यावर बसू देऊ नये.

'टॉय स्टोरी ३' (२०१०) बघायचाच असेल तर भंगारवाला येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तरी बघू नका. पोरगा कॉलेजला जातो, खेळणी दुसऱ्या मुलीला देतो, एवढीच गोष्ट. आदल्या दिवशी सूनबाईने माळा साफ केला होता. मी पायात चपला सरकवल्या, नाक्यावरून भंगारवाल्याला शोधून काढलं आणि मुलाचा लहानपणीचा तीन चाकांचा ट्रक सोडवून आणला. चौथं चाक १९९० सालीच गेलेलं. त्याने चाळीस मागितले, वीस दिले. कर्ज विभागाची सवय. ट्रक आता माझ्या कपाटात आहे, आयकराच्या फायलींमागे. हे कुणाला सांगू नका.

आणि 'अप' (२००९). यासाठी एक स्वतंत्र सूचना: शक्य असेल तर थ्रीडीतच बघा. त्या वर्षी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाची सुरुवात याच चित्रपटाने झाली, आणि काळ्या सुटातली जगभरची बडी मंडळी डोळ्यांवर थ्रीडी चष्मे चढवून बसली होती. लोकांना वाटलं, हे तंत्रज्ञानाचं कौतुक. मला विचाराल तर शहाणी माणसं होती ती. त्यात साधारण साडेचार मिनिटांचा एक तुकडा आहे, संवाद नाही, नुसतं संगीत. एक जोडपं. दोघं मिळून एका बरणीत लांबच्या प्रवासासाठी चिल्लर साठवतात. गाडीचं टायर जातं, बरणी फोडतात. पाय मोडतो, बरणी फोडतात. घरावर झाड पडतं, पुन्हा बरणी. रोज सकाळी ती त्याचा टाय बांधून देते. केस पांढरे होतात. तिकिटं काढायला तो जातो तेव्हा उशीर झालेला असतो.

नातू या पूर्ण वेळात एकच प्रश्न विचारत होता, "फुगे कधी येणार?"

आमच्याकडे बरणी नव्हती, डबा होता. माझ्या भावाने दुबईहून आणलेल्या बिस्किटांचा, पत्र्याचा, निळा. झाकणावर हिने पट्टी चिकटवून 'नैनिताल' असं लिहिलं होतं. त्याचं पुढे काय झालं, हा या लेखाचा विषय नाही.

मला खरं तर सेन्सॉर बोर्डाला एक अर्ज करायचा आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात त्यांनी नियम बदलून 'यूए'चे तीन भाग केले: ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील आणि १६ वर्षांवरील. बालकांच्या कोवळ्या मनाची काळजी घेतली, छान केलं. पण त्याला एक चौथा भाग जोडावा: 'साठीवरील प्रेक्षकांनी हा चित्रपट जाणत्या नातवाच्या देखरेखीखालीच पाहावा.' नातू समजूतदार असतो. तो विचारतो, "पॉज करू का आबा?"

एका चित्रपटाबाबत मात्र माझ्याकडे कसलीच युक्ती नाही. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. तो मी नातवाबरोबर पाहिला नाही, ते वय नाही त्याचं; एकट्याने पाहिला, रात्री, झोप येत नव्हती म्हणून. जपानी आहे, इसाओ ताकाहाता यांचा. १९४५ मध्ये कोबे शहरावर बॉम्ब पडतात आणि चौदा वर्षांचा भाऊ आणि चार वर्षांची बहीण मागे उरतात. १९८८ च्या एप्रिलमध्ये जपानमध्ये तो दुसऱ्या एका चित्रपटाच्या जोडीने लागला होता. त्या दुसऱ्यात रानात राहणारा एक गुबगुबीत, केसाळ, गोड प्राणी आहे. आईबाप मुलांना घेऊन तो प्राणी बघायला गेले असणार आणि त्याच खेळात हेही बघून आले असणार. त्या मुलीजवळ फळांच्या चवीच्या गोळ्यांचा एक छोटा डबा असतो. गोळ्या संपतात तेव्हा भाऊ त्यात पाणी घालतो, हलवतो आणि तिला पाजतो. पुढे त्या डब्यात काय ठेवलं जातं ते मी इथे लिहिणार नाही.

सिनेमा संपला तेव्हा पावणेदोन वाजले होते. मी उठून दूध फ्रिजमध्ये आहे का बघितलं, गॅसचा कॉक बघितला, नातवाच्या अंगावरचं पांघरूण बघितलं, पुन्हा गॅसचा कॉक बघितला.

दुसऱ्या दिवशी रविवार. जेवणाच्या टेबलाशी मी पेपर घेऊन बसलो होतो आणि ही गवार मोडत होती. नातवाच्या शर्टाचं बटण तुटलं होतं, म्हणून हिने त्याला शिवणाच्या कपाटातला डबा आणायला पाठवलं. निळा डबा. पट्टीवरची शाई उडालेली, नुसता 'नै' उरलाय. आत बटणं, हूक, काळ्या दोऱ्याचं रीळ. नातू तो कानाशी धरून खळखळ हलवत आला. "आबा, ऐका ना, यात काय आहे सांगा."

मी पेपर उंच धरला. अग्रलेख होता, साखरेच्या निर्यातीवर.

"सांगा ना, आबा."

बराच वेळ पेपरचं पान उलटलं नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ही उठली, टोपलीतून एक मोठा कांदा घेतला, पुन्हा माझ्याच शेजारी येऊन बसली आणि बारीक चिरायला लागली.

गवारीत आमच्याकडे कांदा घालत नाहीत.