मालकाचे उत्तर : ‘फोटोत मार्बल, घरी आल्यावर टाइल’

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. आमच्या फरशी पॉलिशच्या दुकानाला आपण अभिप्रायात दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर वाचला. सकाळी दहाची वेळ ठरलेली असताना मी पावणेबाराला पोहोचलो, ही माझी चूक आहे आणि तिच्याबद्दल क्षमा मागतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे रस्ते वळवलेले असतात, हे जन्म सोलापुरात गेलेल्या माणसाने आधीच ध्यानात घ्यायला हवे होते.

मात्र ‘फोटो पाहून मार्बल म्हणाले, घरी येऊन टाइल म्हणाले, यांना फरशीच ओळखता येत नाही’ असे जे आपण लिहिले आहे, ते मला फार लागले. आपल्या फोटोखाली मी ‘मार्बल वाटते, पाहावे लागेल’ असे लिहिले होते. अभिप्रायात त्यातले ‘मार्बल’ तेवढे उरले आणि बाकीचे गळाले. तो फोटो रात्री पावणेदहाचा, नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीचा आणि तीवर ट्यूबलाइटचा पट्टा पडलेला असा होता. त्यात सांधा दिसत नव्हता आणि कडही दिसत नव्हती. हल्ली गुजरातेतल्या मोरबीच्या ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड लाद्यांवर, म्हणजे वर चकचकीत छापील थर असलेल्या टाइल्सवर, संगमरवराच्या शिरा इतक्या हुबेहूब छापून येतात की अशा फोटोवरून कोणीही ‘वाटते’ यापलीकडे बोलू नये, आणि मी बोललो नव्हतो.

घरी आल्यावर काय केले तेही सांगतो, कारण ‘नुसते बघण्याचे ३०० रुपये’ हे शब्द मला मान्य नाहीत. हॉलमध्ये उभे राहून प्रथम शिरा पाहिल्या. खिडकीजवळच्या लादीवर नदीच्या फाट्यासारखी जी राखाडी शीर आहे, तीच शीर, त्याच वळणाची, टीव्हीखाली आणि पुन्हा देवघरासमोर आहे. दगडात अशी नक्कल होत नाही. मार्बल बसवल्यावर जागेवर घासतात, त्यामुळे सांध्यावरून नख फिरवले तरी अडकत नाही. आपल्या हॉलमध्ये ते प्रत्येक सांध्याला अडकत होते. नंतर बाथरूमच्या दाराशी टवका उडालेली कड बॅटरी लावून पाहिली. वर कागदासारखी पातळ, चकचकीत, पांढरी कातडी आणि खाली मातकट गाभा. संगमरवराचा रंग आरपार असतो, शीरही आत उतरते. तरीही आपल्या सासऱ्यांचे समाधान होईना, म्हणून त्या कडेवर पाणी मिसळलेल्या अ‍ॅसिडचा एक थेंब टाकला, तो तसाच पडून राहिला. तोच थेंब बाल्कनीतल्या निघालेल्या कपचीवर टाकताच फेस आला, कारण ती कोटा आहे, म्हणजे चुनखडीचा दगड, आणि मार्बलही अ‍ॅसिडला असाच फेसाळतो. सासऱ्यांनी चष्मा पुसून दोन्ही थेंब पाहिले आणि मान डोलावली. बाल्कनीतली फरशी कोटा आहे हे तर मी उंबऱ्यावरूनच सांगितले होते, त्याचा अभिप्रायात उल्लेख नाही. माझे वडील गिरणीच्या चाळींतून शहाबादी बसवत असत; करडी शहाबादी आणि हिरवट कोटा यांतला फरक मी त्यांच्या हाताखाली शाळेच्या वयातच शिकलो.

‘काम झेपत नाही म्हणून टाळले’ असेही आपण म्हणता. ताई, आपला हॉल ४२० चौरस फूट आहे. होकार देऊन पॉलिशची मशीन लावली असती तर माझा आठवडा निघाला असता. पण घासाईत वरची छापील कातडी निघून जाते, लादी कायमची निस्तेज होते आणि मग कोणत्याही पावडरीने ती चमक परत येत नाही. घर घेताना आपणास ‘मकराना’, म्हणजे राजस्थानातला नामांकित संगमरवर, असे सांगितले गेले आणि त्याप्रमाणे किंमत मोजावी लागली, याचे दुःख मी समजू शकतो. परंतु ते सांगणारा मी नव्हे.

३०० रुपयांची कल्पना दुकानातील मुलाने फोनवर दिली होती, असे तो म्हणतो. तरी यापुढे हे शुल्क आधी लेखी कळवण्याची आणि वेळेची अधिक काळजी घेऊ.

दुसरे एक कारागीर त्याच फरशीला पॉलिश करून देण्यास तयार आहेत, असे आपण लिहिले आहे. तो निर्णय सर्वस्वी आपला. फक्त हॉलच्या मध्यावर मशीन लावण्यापूर्वी सोफ्याखालच्या एका लादीवर ती चालवून दाखवण्यास सांगावे. ३०० रुपये परत हवे असल्यास दुकानातून केव्हाही घेऊन जावेत, पावती आणण्याची गरज नाही.

आपला,
दुकानमालक