गुलाबी बोंडअळीला कुणी घडवलं?

दिवाळी सरली आणि कापूस वेचणीला आला की माझ्या फीडवर एक फोटो हमखास फिरतो. हिरवं टवटवीत बोंड, वरून एक डाग नाही, आणि चिरलं की आत सरकीला बिलगून बसलेली गुलाबी अळी. खालच्या कॉमेंट ठरलेल्या. "अळी हुशार झाली", "कंपनीनं फसवलं", "निसर्गाचा सूड". तिन्ही वाचून कंटाळा आलाय, म्हणून हे लांबलचक लिहितोय. ज्यांना बीटीच्या (म्हणजे जिवाणूचं जनुक घातल्यानं स्वतःच अळीमारक प्रथिन बनवणाऱ्या कापसाच्या) बाजूनं नाहीतर विरोधात घोषणा ऐकायची आहे, त्यांचा इथं हिरमोड होईल.

मी विदर्भातल्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, घरी कोरडवाहू कापूस आहे. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात (भाग दोन) पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा. एनसीईआरटीनं दहावीतून उत्क्रांती गाळली तेव्हा आपल्याकडे बरीच ओरड झाली, ती रास्तच होती. पण आपल्या मंडळाच्या पुस्तकात तो धडा शाबूत असून आपण काय दिवे लावले? पोरं लामार्कचा जिराफ आणि डार्विनचं चित्र घोकून येतात. उत्क्रांती म्हणजे कुठल्यातरी दूरच्या बेटावर, लाखो वर्षांपूर्वी घडलेलं काहीतरी. आणि पेपर संपला की हीच पोरं वावरात जाऊन बोंडं फोडतात, पण त्या बोंडात उत्क्रांती बसलीय हे त्यांना कुणी सांगत नाही.

आमच्या शेजारचे काका म्हणतात, "अळीले आता सवय पडली बाप्पा बीटीची." ऐकायला पटतं. दारू पिणाऱ्याला हळूहळू पचायला लागते तसं. पण अळीचं तसं होत नाही. बीटीचं प्रथिन एका अळीनं थोडं थोडं खाल्लं, ती सरावली आणि सरावलेली पोरं जन्माला घातली, असं घडत नाही. जी मरायची ती पहिल्या काही घासांतच मरते. प्रश्न एवढाच, की मेली नाही ती कोण होती?

बीटीचं प्रथिन अळीच्या आतड्यात जातं, तिथल्या पेशींवरच्या ठरावीक ग्राही रेणूंना चिकटतं आणि आतड्याला भोकं पाडतं. यातला एक ग्राही म्हणजे कॅडहेरिन. लाखो अळ्यांमध्ये एखादीचं कॅडहेरिनचं जनुक आधीपासूनच बिघडलेलं असतं. प्रथिनाला चिकटायला जागा मिळत नाही, अळी जगते. हा बिघाड बीटीनं घडवलेला नसतो. बीटी यायच्या आधीही अशा तुरळक अळ्या असणारच, फक्त त्यांना त्याचा काडीचाही फायदा नव्हता. भारतातल्या प्रतिकारक्षम अळ्या तपासल्या तेव्हा हे जनुक एकाच तऱ्हेनं बिघडलेलं सापडलं नाही, अनेक वेगवेगळ्या तऱ्हांनी मोडलेलं सापडलं. म्हणजे कुठलीतरी एक सुपर-अळी जन्मली आणि तिचीच पिल्लावळ देशभर पसरली, ही गोष्टही खरी नाही.

आता अळीच्या बाजूनं बघा. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, त्यात क्राय-१-एसी हे एकच प्रथिन होतं. २००६ मध्ये बोलगार्ड-२ आलं, त्यात क्राय-२-एबी जोडलं. दहाएक वर्षांत देशातला ९० टक्क्यांहून जास्त कापूस बीटी झाला. एकट्या महाराष्ट्रात सुमारे ४० लाख हेक्टर. जो प्राणी कापसाशिवाय जवळजवळ काहीच खात नाही, त्याच्यासाठी हे हवामान बदलण्यासारखंच झालं. ताटातलं सगळंच अन्न विषारी. हंगामात चार-पाच पिढ्या धरल्या तर बारा वर्षांत पन्नास-साठ पिढ्या होतात. माणसाच्या पिढ्यांनी मोजायचं तर वाकाटकांच्या काळापासून आजपर्यंत.

पहिली फट गुजरातेत दिसली. २००८ मध्ये अमरेलीच्या अळ्यांमध्ये पहिल्या प्रथिनाला प्रतिकार आढळला, २०१० मध्ये अमरेलीबरोबर भावनगर, जुनागढ, राजकोट या जिल्ह्यांतला प्रतिकार मोन्सॅन्टो या बीटीवाल्या कंपनीनंच जाहीर केला. तेव्हा आपल्याकडे सगळे निर्धास्त होते, दोन प्रथिनांचं बियाणं आलंय ना! पण एका प्रथिनाला पुरून उरलेल्या अळीपुढे दोन प्रथिनांचं बियाणं म्हणजे प्रत्यक्षात एकाच प्रथिनाचं बियाणं. २०१४-१५ पासून दुसऱ्यालाही प्रतिकार दिसू लागला आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात जे झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, लोकांनी ट्रॅक्टर घातले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. त्या फवारण्या सगळ्याच बोंडअळीसाठी नव्हत्या, पण "बीटीमुळे फवारणीच लागत नाही" हे वाक्य त्या वर्षीनंतर गावात कुणी उच्चारलं नाही.

मला या सगळ्यात सर्वात बोलकी वाटते ती दुसरी अळी. हिरवी, म्हणजे अमेरिकन बोंडअळी. जुन्या लोकांना तीच आठवते. १९८०च्या दशकाअखेर तिनं पायरेथ्रॉइड औषधांना दाद देणं बंद केलं, आंध्रात हाहाकार उडाला, पुढे आपल्याकडेही. खरं तर बीटी आणलं ते मुख्यतः तिच्यासाठी. औषधांना पुरून उरणारी म्हणून बदनाम असलेली ही अळी बीटी कापसावर आजही मोठ्या प्रमाणावर मरते. आणि गुलाबी, जी तेव्हा तुलनेनं दुय्यम होती, ती डोक्यावर बसली. वावर तेच, बियाणं तेच, विष तेच. हिरव्या अळीला अक्कल कमी आणि गुलाबीला जास्त असं कुणी म्हणणार आहे का?

फरक खाण्यात आहे. हिरवी अळी तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते. आपल्याकडे कापसात तुरीचं तास (ओळ) असतंच. तिथं बीटी नाही, तिथं वाढलेल्या साध्या अळ्यांचे लाखो पतंग दरवर्षी उडतात आणि कापसावर चुकून वाचलेल्या एखाद्या पतंगाशी जुगतात. बीटीविरुद्धचा प्रतिकार आनुवंशिकतेच्या भाषेत बहुधा अप्रभावी (रिसेसिव्ह) असतो. जनुकाची बिघडलेली प्रत आई आणि बाप दोघांकडून आली तरच अळी वाचते. एकीकडूनच आली तर पोरं पुन्हा बीटीवर मरतात. म्हणजे तुरीच्या त्या तासानं दर हंगामात प्रतिकार पातळ केला. गुलाबीला असा दुसरा चारा नाही. वाचलेल्या पतंगाला जोडीदार मिळणार तो दुसरा वाचलेलाच. हे झालं की गणित संपलं.

हे शास्त्रज्ञांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, म्हणून तर बीटी बियाण्याच्या पाकिटात १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं वेगळं यायचं. बीटीच्या कडेनं पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, जे जास्त असेल ते. ती पुडी बहुतेकांनी धुऱ्यावर (बांधावर) फेकली नाहीतर नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला वापरली. आता प्रत्येक चर्चासत्रात यावरून शेतकऱ्याला दोष दिला जातो आणि मला तिथं राग येतो. त्या पुडीचं काम काय, हे गावात कुणी नीट सांगितलं? "हे कडेनं लावा," एवढंच. आमचे काका म्हणाले होते, "म्हणजे माह्याच वावरात म्याच अळ्या पोसायच्या? अन त्यायचा चाराबी म्याच लावायचा?" प्रश्न अगदी नेमका आहे. हो, तेच करायचं होतं. फायदा सगळ्या तालुक्याला आणि तोटा तुमच्या पाच ओळींना. दोन-चार एकरवाल्या माणसाकडून हा त्याग फुकटात मागायचा, त्याची भरपाई द्यायची नाही, आणि नंतर त्यालाच अडाणी म्हणायचं. अलीकडे बिगर-बीटी बी पाकिटातच मिसळून देतात. वीस वर्षांपूर्वी शेतकऱ्याकडून ही अपेक्षा करण्यापेक्षा ते केव्हाही बरं, पण घोडा पळून गेल्यावर तबेल्याला कडी.

दुसरी गोष्ट फार कमी बोलली जाते आणि ती बोंडाच्या आतली आहे. आपल्याकडे कापूस म्हणजे संकरित. जगातलं पहिलं व्यावसायिक संकरित कापूस वाण, संकर-४, १९७० मध्ये सुरतला सी. टी. पटेल यांनी दिलं, आणि तेव्हापासून आपण संकरितच्या प्रेमात आहोत. संकरित झाडात बीटीचं जनुक एकाच बाजूच्या पालकाकडून आलेलं असतं. म्हणजे त्याच झाडाच्या बोंडातली सरकी एकसारखी नसते. मेंडेलचं गणित लावा: दोन जनुकं धरली तर दर सोळा सरक्यांत नऊमध्ये दोन्ही प्रथिनं, सहांमध्ये कुठलं तरी एकच आणि एकात काहीच नाही. पंचवीस-तीस सरकीच्या बोंडात एक-दोन सरक्या अगदी साध्या. आणि गुलाबी अळी खाते काय, तर नेमकी सरकीच! अर्धवट मात्रा, एका सरकीत जास्त, दुसरीत कमी. प्रतिकार वाढायला याहून सोयीची शाळा नाही. अमेरिका-ऑस्ट्रेलियात सरळ (म्हणजे संकर नसलेले) वाण लावतात, तिथं प्रत्येक सरकीत प्रथिन असतं. आपल्याकडे संकरितचा आग्रह का, तर बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं. कंपन्यांना ते सोयीचं, आणि सरकारी संशोधनानं वेळेवर बीटीचे सरळ वाण बाजारात आणले नाहीत. माझ्या मते खरी चूक इथं आहे, धुऱ्यावरच्या पुडीत नाही.

तिसरी गोष्ट हंगामाची. लांब मुदतीची वाणं, त्यात फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही तीच झाडं राखून घेतलेलं पुढचं पीक. पाणी असलं की फेब्रुवारी-मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी. अळीला एक-दोन पिढ्या आयत्या मिळतात. थंडीत अळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्यामध्ये सुप्तावस्थेत पडून राहते. जिनिंगच्या आवारात, कवडीत (किडक्या कापसात), आणि आपल्या घराच्या मागे सरपणासाठी रचलेल्या पऱ्हाट्यांत, जिथं वाळलेली बोंडं तशीच लटकलेली असतात. पाऊस पडला की पतंग तिथूनच उठतात. कृषी विभाग फरदड घेऊ नका म्हणतो, १ जूनआधी पेरू नका म्हणतो, दोन्ही बरोबर आहे. पण फरदडीत मिळणारे दोन क्विंटल मुलीच्या फीचे पैसे असतात, हे कुठल्या पत्रकात लिहिलेलं नसतं.

हे असंच व्हायचं होतं, असंही नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनात १९९६ पासून बीटी कापूस आहे. तिथं साध्या कापसाचे पट्टे कसोशीनं लावले गेले, २००६ पासून विमानातून वांझ केलेले पतंग सोडले, आणि २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळी देशाच्या कापसातून नष्ट झाल्याचं अमेरिकेनं जाहीर केलं. तीच जात, तेच विष. तिथले शेतकरी हजारो एकरवाले, आमच्यासारखे नाहीत, हे मान्य. मग चीनचं बघा. यांगत्से खोऱ्यातल्या लहान शेतकऱ्यांनी स्वस्त पडतं म्हणून संकरिताच्या दुसऱ्या पिढीचं बी लावलं. त्यात आपोआप चौथा हिस्सा झाडं पूर्ण बिगर-बीटी निघाली, पट्टे न लावताच साध्या अळ्यांना आसरा तयार झाला आणि वाढत चाललेला प्रतिकार उलट खाली आला. कुणी ठरवून केलं नव्हतं. लोकांची काटकसर होती.

म्हणून "आता तिसरं प्रथिन आणा" ही मागणी ऐकली की मी गप्प बसू शकत नाही. आणा, मी विरोधात नाही. पण १८०-२०० दिवसांची संकरित पऱ्हाटी, बोंडात मिसळलेली सरकी, मार्चपर्यंतची फरदड हे सगळं तसंच ठेवून आणलं तर त्या प्रथिनाला पुरून उरणारी अळी आत्ताच कुठल्यातरी बोंडात बसलेली आहे, फक्त ती कुठली ते अजून ठरायचं आहे. १४०-१५० दिवसांत मोकळं होणारं सरळ वाण, दाट लागवड, डिसेंबरात रान रिकामं, सगळ्या गावात एकाच आठवड्यात पेरणी, आणि कामगंध सापळे (मादीच्या गंधानं नर पतंग ओढणारे) शोभेला न टांगता त्यातले पतंग रोज मोजणं. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तरच फवारायचं. यात नवीन काही नाही, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे लोक वर्षानुवर्षं हेच सांगताहेत.

आणि ज्यांच्या मागच्या अंगणात पऱ्हाट्यांची रास आहे, त्यांनी मृगाच्या आधी ती जाळून टाका नाहीतर भुगा करा. निदान वाळलेली बोंडं तरी तोडून जाळा.