आवाज गेला म्हणजे बोर्ड गेला, असं नसतं

गेले काही महिने होम थिएटर असलेल्या लोकांत एक मेसेज फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा (रिसीव्हर म्हणजे टीव्ही, सेटटॉप बॉक्स यांचा आवाज घेऊन स्पीकरांना पुरवणारा डबा): ‘रिसीव्हर चालू होतो, डिस्प्लेवर अक्षरं दिसतात, पण आवाज नाही, म्हणजे आतला अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड जळाला. टीव्हीवर चित्र येतंय म्हणजे केबल ठीक आहे. फॅक्टरी रीसेट मारून बघा. प्रोटेक्ट दाखवत असेल तर रिले बायपास करून घ्या. तरी चालला नाही तर दुरुस्तीत पैसे घालू नका, भंगारात द्या आणि साउंडबार घ्या.’

यातलं एकही वाक्य मला तसंच सोडवत नाही. या सल्ल्यापायी धडधाकट यंत्रं भंगारवाल्याच्या गाडीवर चढताना मी पाहिली आहेत. आणि रिले, म्हणजे स्पीकर जोडणारा-तोडणारा आतला स्विच, बायपास करण्याचा, म्हणजे त्याला वगळून सरळ जोडणी करण्याचा सल्ला तर घराला आग लावू शकतो.

‘डिस्प्ले चालू, आवाज नाही, म्हणजे बोर्ड गेला.’

पुण्याच्या माझ्या मामांनी हा मेसेज वाचून रिसीव्हर विकायला काढला होता. अकरा वर्षांचा, 5.1 चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक खर्जाचा स्पीकर चालवणारा. दुकानदारानेही न उघडताच ‘बोर्ड गेला’ म्हणून सांगितलं होतं. मी फोनवर म्हटलं, ‘मामा, आधी एफएम लावून बघा.’ ते वैतागले. ‘अरे, टीव्हीचा आवाज येत नाही आणि तू रेडिओ कसला लावायला सांगतोस?’ तरी लावला. विविध भारती खणखणीत लागली.

त्या एका कृतीतून काय कळलं बघा. एफएमचा ट्यूनर रिसीव्हरच्या पोटातच असतो. तिथून निघालेला आवाज अ‍ॅम्प्लिफायरमधून, रिलेमधून, वायरींमधून स्पीकरपर्यंत जातो. म्हणजे तो ऐकू आला की हा सगळा अर्धा रस्ता ठीक आहे, आणि दोष उरलेल्या अर्ध्यात, म्हणजे टीव्ही, सेटटॉप बॉक्स, केबल, सेटिंग किंवा फार तर रिसीव्हरच्या इनपुटच्या बाजूला आहे. एरियलची वायर हरवली असेल तर नुसती खरखर ऐकू आली तरी पुरे. एफएम नको असेल तर स्पीकर सेटअपमध्ये टेस्ट टोन असतो. एकेका स्पीकरमधून ‘श्श्श’ असा आवाज फिरत जातो, आणि कुठला स्पीकर गप्प आहे तेही लगेच समजतं. या तपासणीला दोन मिनिटं लागतात, स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. ‘बोर्ड गेला’ म्हणणाऱ्या माणसाने ही दोन मिनिटं घालवली आहेत का, हे मी तरी आधी विचारतो.

मामांच्या टीव्हीचं सॉफ्टवेअर आदल्या रात्री अपडेट झालं होतं आणि साउंड आउटपुट गुपचूप ‘टीव्ही स्पीकर’वर परतलं होतं. ते बदलून ‘रिसीव्हर’ केलं, काम झालं.

आणि एफएमही गप्प असेल तर? तरीही बोर्डाकडे धावू नका. हेडफोनच्या भोकात काही अडकलं आहे का बघा. पिन घातली की स्पीकर आपोआप बंद व्हावेत अशीच ती रचना असते, आणि मागे राहिलेला नुसता जाड पिनेचा अ‍ॅडॉप्टरही बऱ्याच मॉडेलांत तेवढंच काम करतो. ‘स्पीकर ए’ आणि ‘स्पीकर बी’ अशी बटणं असतील तर पोरांच्या हाताने ‘ए’ बंद झालंय का पाहा. म्यूट पाहा. रिमोटवरचं झोन 2 चुकून दाबलं गेलं असेल तर तुम्ही ज्या खोलीचा आवाज वाढवताय ती खोलीच वेगळी असते. सगळे स्पीकर एकदम जळणं फार दुर्मीळ आहे. म्हणून सगळे एकदम गप्प झाले की आधी असं एखादं बटण शोधावं. एकच गप्प असेल तर रिसीव्हरच्या मागे डावीउजवी वायर अदलाबदल करा (रिसीव्हर बंद करून, प्लग काढून). शांतता दुसऱ्या बाजूला सरकली तर दोष रिसीव्हरचा किंवा सेटिंगचा. त्याच स्पीकरमध्ये राहिली तर स्पीकरचा किंवा वायरचा. स्पीकरची वायर रिसीव्हरमधून सोडवून तिची दोन टोकं दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवा. ‘टक्’ असा आवाज आला तर स्पीकर जिवंत आहे. मल्टिमीटर असेल तर 8 ओहमचा चांगला स्पीकर साधारण 6 ते 7 ओहम दाखवतो.

‘चित्र येतंय म्हणजे केबल ठीक आहे.’

ऐकायला पटतं, म्हणूनच हे वाक्य इतकं टिकलंय. पण चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या एचडीएमआय केबलच्या प्लगमध्ये 19 पिना असतात आणि सगळ्या एकच काम करत नाहीत. टीव्हीतल्या अ‍ॅपचा आवाज रिसीव्हरकडे उलटा आणणारी सोय, एआरसी, 2009 मध्ये एचडीएमआय 1.4 बरोबर आली आणि ती 14 नंबरच्या पिनेवरून चालते. रिसीव्हर आणि टीव्ही एकमेकांना ‘चालू हो, आवाज माझ्याकडे दे’ असं सांगतात ते 13 नंबरवरून. चित्र यातल्या कुठल्याच पिनेवरून जात नाही. म्हणजे रिसीव्हरकडून टीव्हीकडे जाणारं चित्र झकास दिसत असतानाही त्याच केबलची 14 नंबरची पिन सैल असू शकते आणि परतीचा आवाज मेलेला असू शकतो.

दुसरं, टीव्हीच्या मागे तीन-चार एचडीएमआय पोर्ट असले तरी ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ (त्याचीच सुधारित आवृत्ती) असं लिहिलेलं सहसा एकच असतं. सफाई करताना वायर शेजारच्या पोर्टात गेली की चित्र दिसतं, आवाज नाही. शिवाय टीव्हीच्या मेनूत सीईसी, म्हणजे वर सांगितलेली 13 नंबरवरची देवाणघेवाण, चालू असायला हवं. कंपन्यांनी त्याला आपापली नावं दिली आहेत, त्यामुळे लोकांना ते सापडत नाही: सॅमसंगचं एनीनेट प्लस, एलजीचं सिमलिंक, सोनीचं ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकचं व्हिएरा लिंक. गोष्ट तीच.

मेसेजमध्ये नसलेला एक मुद्दा इथेच सांगतो, कारण माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त लोक याच ठिकाणी फसतात. यूट्यूबला आवाज आहे, नेटफ्लिक्सला नाही. किंवा साधे चॅनल बोलतात आणि एचडी चॅनल मुके. हे दिसलं की केबल, बोर्ड, स्पीकर सगळ्यांना निर्दोष सोडा. कारण यूट्यूबचा आवाज बहुतेक वेळा साधा स्टिरिओ असतो आणि नेटफ्लिक्सचा 5.1 आवाज डॉल्बी डिजिटल प्लस या दाबून पाठवलेल्या प्रकारात येतो. जुन्या रिसीव्हरला तो प्रकार समजत नाही, आणि ऑप्टिकल केबलवरून (प्रकाशाने फक्त आवाज नेणारी वायर) तर तो जातच नाही. ऑप्टिकलवर स्टिरिओ पीसीएम (न दाबलेला साधा आवाज) किंवा साधं डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस हे 5.1 चे प्रकार एवढंच जातं. न समजलेला आवाज रिसीव्हर वाजवत नाही, गप्प बसतो. टीव्हीच्या किंवा सेटटॉप बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन तात्पुरतं ‘पीसीएम’ करा. आवाज आला तर निदान झालं. मग ‘डॉल्बी डिजिटल’ निवडून 5.1 परत मिळतं का ते बघता येतं. डीटीएसचीही तीच गत: एलजीने 2020 च्या ओएलईडी टीव्हींमधून डीटीएस काढलं होतं, त्यामुळे पेन ड्राइव्हवरचा डीटीएस ट्रॅकचा सिनेमा तिथे मुका चालायचा आणि शिव्या रिसीव्हरला बसायच्या.

गाणी ऐकू येतात पण संवाद नाहीत, अशीही तक्रार असते. संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. त्याची वायर निघाली असेल आणि सेटिंगमध्ये तो ‘आहे’ असं असेल, तर रिसीव्हर इमानदारीने संवाद त्या तुटलेल्या वायरीकडे पाठवत राहतो.

‘फॅक्टरी रीसेट मारून बघा.’

शेवटचा उपाय म्हणून ठीक, पहिला म्हणून नाही. माइक मधोमध ठेवून, घरातल्यांना गप्प बसवून केलेलं सगळं स्पीकर कॅलिब्रेशन त्यात पुसलं जातं, कुठल्या पोर्टला काय जोडलंय ती नोंदही जाते. आणि दोष टीव्हीच्या सेटिंगमध्ये असेल तर रिसीव्हर रीसेट करून काही होत नाही.

रीसेटच्या आधी प्लग काढा. रिमोटने बंद करणं म्हणजे बंद करणं नव्हे. बऱ्याच रिसीव्हरांचा एचडीएमआयचा भाग स्टँडबायमध्येही जागा असतो, म्हणून यंत्रांमधली अडकलेली बोलणी अडकलेलीच राहतात. टीव्ही, रिसीव्हर, बॉक्स या तिघांचेही प्लग भिंतीतून काढा, पाचेक मिनिटं थांबा, मग आधी टीव्ही, नंतर रिसीव्हर, शेवटी बॉक्स असं चालू करा. लाइट जाऊन आल्यावर गेलेला आवाज अनेकदा एवढ्याने परत येतो.

‘प्रोटेक्ट आलं तर रिले बायपास करा.’

हे करू नका. कोणी करून देतो म्हणाला तर यंत्र उचलून घरी आणा.

रिसीव्हर चालू केल्यावर काही सेकंदांनी आतून जो ‘टक्’ आवाज येतो तो या रिलेचा. अ‍ॅम्प्लिफायर नीट आहे याची खात्री झाल्यावरच तो स्पीकर जोडतो, नाहीतर उघडाच राहतो आणि डिस्प्लेवर ‘प्रोटेक्ट’ येतं. आतला आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर सप्लायचे कित्येक व्होल्ट डीसी सरळ स्पीकरच्या कॉइलवर जाऊ शकतात. कॉइल तापून लाल होते, भोवती कागदाचा कोन आणि कापड असतं. रिले मध्ये उभा असतो तो हे थांबवायला. त्याला बाजूला काढणं म्हणजे फ्यूजच्या जागी जाड तार घालणं.

आणि प्रोटेक्ट आलं म्हणजे आत काही जळलंच असंही नाही. बऱ्याचदा मागच्या टर्मिनलला तांब्याची केसाएवढी एक तार शेजारच्या टर्मिनलला टेकलेली असते. काही रिसीव्हर तर डिस्प्लेवर स्पीकरच्या वायरी तपासा असं लिहूनही दाखवतात. 8 ओहमच्या दोन जोड्या एकाच टर्मिनलवर समांतर जोडल्या की भार 4 ओहमचा होतो, तो अनेक रिसीव्हरांना झेपत नाही. बंद शोकेसमध्ये कोंडलेला रिसीव्हर तापूनही स्वतःला बंद करतो.

तपासायचं असं: प्लग काढा, रिसीव्हरच्या मागून सगळ्या स्पीकर वायरी सोडवा, आवाज तळाला ठेवून चालू करा. प्रोटेक्ट गेलं तर दोष बाहेर आहे; दर वेळी बंद करत एकेक वायर जोडत जा, गुन्हेगार सापडतो. एकही वायर नसताना प्रोटेक्ट आलं तर दोष आत आहे. मग पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, झाकणही उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरांत प्लग काढल्यावरही चार्ज राहतो.

‘दुरुस्तीत पैसे घालू नका, साउंडबार घ्या.’

बोर्ड कधीच जात नाही असं मी म्हणत नाही. रिसीव्हर बनवणाऱ्या ऑन्कियोच्या एका काळातल्या बऱ्याच मॉडेलांमध्ये आवाज आणि नेटवर्क दोन्ही बंद पडण्याचा दोष निघाला होता आणि कंपनीने वॉरंटी संपल्यावरही ते मोफत दुरुस्त करून देण्याची योजना 2018 च्या अखेरपर्यंत चालवली होती. एफएम नाही, टेस्ट टोन नाही, हेडफोनमध्येही शांतता, आणि वर सांगितलेली बटणं सगळी जागेवर, अशी अवस्था असेल तर बोर्डाचा संशय रास्त आहे. पण आतला प्रत्येक दोष महाग नसतो. आवाज कमी ठेवला की एक बाजू गायब आणि मोठा केला की अचानक हजर, हे लक्षण सहसा रिलेच्या काळ्या पडलेल्या संपर्कांचं असतं. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत ते लवकर होतं. रिले हा छोटासा, स्वस्त भाग आहे. जाणकार माणूस तो एका बैठकीत बदलतो.

आणि साउंडबार घ्यायचाच असेल तर जरूर घ्या, पण तोही बहुतेक घरांत टीव्हीच्या त्याच एआरसी पोर्टला, एचडीएमआयच्याच केबलने जोडला जातो. मामांनी टीव्हीचं साउंड आउटपुट न बदलता नवा साउंडबार आणून जोडला असता, तर तोही गप्पच राहण्याची शक्यता होती.