मॅक्वारीचा पुतळा, एल्फिन्स्टनचं स्टेशन आणि सिडनीतले आपण

आमच्या घरच्या ग्रुपवर स्टेशनांच्या नावांवरून परत जुंपली. करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, कॉटन ग्रीनचं काळाचौकी करायचा ठराव २०२४ साली विधिमंडळात झाला तेव्हापासून हा विषय दर दोन-तीन महिन्यांनी वर येतोच. काकांचं म्हणणं, साहेबाची एकूण एक नावं पुसा, त्यांनी लुटण्यापलीकडे काही केलं नाही. आतेभाऊ, म्हणजे दादा, म्हणतो की ज्या एल्फिन्स्टनने आपल्याला शाळा-कॉलेजं दिली त्याचं नाव पुसून प्रभादेवी केलं हा कृतघ्नपणा आहे, आणि मग माझ्याकडे वळून, "तुमच्या ऑस्ट्रेलियात बघ, दोनशे वर्षांपूर्वीच्या गव्हर्नरांचे पुतळे कसे मानाने उभे आहेत, तिथे कुणी असला खेळ करत नाही." ग्रुपवर याला उत्तर द्यायला गेलं की ते मीम आणि सुप्रभातच्या फोटोंखाली गाडलं जातं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट, खेळ इथेही होतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सिडनीच्या हाइड पार्कमधल्या कॅप्टन कुकच्या आणि गव्हर्नर मॅक्वारीच्या पुतळ्यांवर रातोरात रंग फासला होता. आणि मॅक्वारीचा तो पुतळा काही दोनशे वर्षं जपलेला वगैरे नाही, तो २०१३ साली बसवलाय. म्हणजे आपण ज्याला जुनं जपणं समजतो ते बऱ्याचदा आजच्या लोकांनी आज घेतलेला निर्णय असतो.

आता हा लॅकलन मॅक्वारी कोण, हे मुंबईकरांना तरी माहीत असायला हवं असं मला फार वाटतं, कारण हा माणूस आपल्याकडूनच पुढे गेला. १७८८ मध्ये ७७व्या रेजिमेंटबरोबर तो मुंबईत उतरला, १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्धच्या वेढ्यात होता (त्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन मराठी फौजा घेऊन इंग्रजांच्याच बाजूने होते, हेही विसरू नये), १७९३ मध्ये मुंबईत त्याने जेन जार्व्हिसशी लग्न केलं. ती अँटिग्वाच्या एका बड्या घरातली, गुलामांच्या जिवावर चालणाऱ्या साखरेच्या बेटावरची. १७९६ मध्ये क्षयाने ती मकावला गेली, पण मॅक्वारीने तिला आणून पुरलं ते मुंबईत. १७९५ च्या सुमारास त्याने कोचीनला दोन लहान मुलगे विकत घेतले होते. हो, विकत. त्यातल्या एकाला बायकोच्या माहेरचं आडनाव लावून जॉर्ज जार्व्हिस केलं आणि तो जॉर्ज जन्मभर त्याचा नोकर म्हणून राहिला, लंडनला गेला, सिडनीलाही आला. इथे आलेल्या पहिल्या काही हिंदुस्थानी माणसांत तो धरायला हवा, पण त्याचं नाव मी आमच्या एकाही मंडळाच्या कार्यक्रमात ऐकलेलं नाही.

१८१० ते १८२१ मॅक्वारी न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर होता. त्याच्याआधीच्या गव्हर्नरला, ब्लायला, इथल्या लष्करानेच २६ जानेवारी १८०८ ला पकडून सत्ता ताब्यात घेतली होती, वसाहत म्हणजे कैद्यांचा तळ आणि दारूच्या व्यापाऱ्यांची मिरास. त्याचं याने शहर केलं. रस्ते आखले, १८१७ मध्ये पहिली बँक सुरू करून दिली, जी आज वेस्टपॅक म्हणून आहे. हॉस्पिटलला पैसे नव्हते तर कंत्राटदारांना पंचेचाळीस हजार गॅलन दारू आयात करायचा मक्ता देऊन ते बांधून घेतलं, आणि त्याच इमारतीच्या एका भागात आज राज्याची संसद भरते.

पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शिक्षा भोगून सुटलेल्या कैद्यांना त्याने माणसात घेतलं. फ्रान्सिस ग्रीनवे बनावट कागदपत्रं केल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेला माणूस, ती कमी होऊन चौदा वर्षांची झाली आणि तो इथे पाठवला गेला, त्याला मॅक्वारीने सरकारी आर्किटेक्ट केलं आणि पुढे त्याचा चेहरा इथल्या दहा डॉलरच्या नोटेवर होता! सिमियन लॉर्ड आणि अँड्र्यू थॉम्पसन हे पूर्वीचे कैदी, त्यांना मॅजिस्ट्रेट केलं, विल्यम रेडफर्न डॉक्टरला स्वतःच्या टेबलावर जेवायला बोलावलं. सॅम्युअल मार्सडन नावाचा पाद्री, जो स्वतः मॅजिस्ट्रेट होता आणि फटक्यांच्या शिक्षेसाठी बदनाम होता, त्याने असल्या लोकांबरोबर एका कमिटीवर बसायला साफ नकार दिला. सोवळ्याओवळ्याचा हा प्रकार आपल्याला वेगळा समजावून सांगायची गरज नाही. मॅक्वारीने जुमानलं नाही, लंडनहून चौकशीला बिग नावाचा कमिशनर आला, त्याने अहवालात झोडपलं, तरी हा माणूस शेवटपर्यंत त्या मतावर राहिला. मला त्याचं हे खरोखर मोठं वाटतं आणि मी ते लपवणार नाही.

आणि याच माणसाने एप्रिल १८१६ मध्ये सैनिकांच्या तीन तुकड्या सिडनीच्या दक्षिण-पश्चिमेला पाठवल्या. दुष्काळाची वर्षं, वसाहतवाल्यांची शेतं मूळ लोकांच्या शिकारीच्या रानात घुसत चाललेली, दोन्हीकडून माणसं मारली जात होती. हुकूम असा होता की सापडतील त्यांना कैद करा, प्रतिकार केला किंवा पळाले तर गोळी घाला, आणि मेलेल्या पुरुषांची प्रेतं झाडांना टांगा म्हणजे उरलेल्यांना दहशत बसेल. हे त्याच्या स्वतःच्या डायरीत आहे, कुणा शत्रूने रचलेलं नाही. १७ एप्रिलच्या पहाटेआधी, चांदण्यात, कॅप्टन वॉलिसच्या तुकडीने कॅटरॅक्ट नदीच्या दरीपाशी दरावल या मूळ लोकांचा तळ गाठला. किमान चौदा माणसं मेली, त्यात म्हातारे, बायका, पोरं, काही जण कड्यावरून खाली गेले. कनबायगल आणि दुरेल या दोघांची प्रेतं टेकडीवर टांगली. मुंडकी कापून नेली, कवट्या एडिनबरोला पोचल्या आणि १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियाला परत आल्या. त्या जागेला ॲपिन म्हणतात. हे नाव मॅक्वारीनेच दिलेलं, त्याच्या दुसऱ्या बायकोच्या, एलिझाबेथच्या, स्कॉटलंडमधल्या गावाकडच्या भागावरून. तीच एलिझाबेथ, जिच्या नावाच्या दगडी बाकावर, मिसेस मॅक्वारीज चेअरवर, महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक पाहुणा मागे ऑपेरा हाउस घेऊन फोटो काढतो.

आता दादासारखी माणसं लगेच हिशोब मांडतात, की चांगलं एवढं केलं, वाईट एवढं केलं, वजा जाता माणूस बरा. मला हा हिशोबच चुकीचा वाटतो, कारण ही दोन वेगळी खाती नाहीत. सुटलेल्या कैद्याला नवं आयुष्य द्यायचं म्हणजे काय द्यायचं, तर जमीन. एकट्या माणसाला तीस एकर, लग्न झालेलं असेल तर पन्नास, शिवाय पोरामागे दहा, ही पद्धत मॅक्वारीच्याही आधीपासूनची. ती जमीन कुठून आली? दरावल, दरुग, गंडनगरा लोकांची होती ती. ज्या उदारपणाने एका हरलेल्या इंग्रजाला उभं केलं त्याच उदारपणाची किंमत दुसऱ्या कुणीतरी भरली. ॲपिन ही मॅक्वारीच्या कारभारातली चूक नव्हती, त्या कारभाराचा तो भाग होता.

एल्फिन्स्टनचंही हेच. दादा ज्याचे गोडवे गातो तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर, त्याने १८२१ मध्ये पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली हे खरं, पण पेशवाई बुडाल्यावर पुण्यात युरोपियनांना मारायचा कट उघडकीला आला तेव्हा त्याच्या म्होरक्यांना तोफेच्या तोंडी दिलं तेही त्यानेच. जिंकलेला मुलूख शांत ठेवायचा, त्यासाठी एकीकडे शास्त्री-पंडितांचा मान आणि दुसरीकडे तोफ. आणि दादा, स्टेशन त्याच्या नावाचं नव्हतंच. ते त्याचा पुतण्या लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन याच्या नावाचं, १८५३ ते १८६० चा गव्हर्नर. त्याच्याच काळात, ऑक्टोबर १८५७ मध्ये, आझाद मैदानाच्या जागी सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना तोफेला बांधून उडवलं. नाव ठेवा म्हणणाऱ्यांना हे माहीत नाही, काढा म्हणणाऱ्यांनाही नाही, बोर्ड २०१८ मध्ये बदलला आणि माणूस कोण हे कळायची वेळच आली नाही. मला राग येतो तो याचा. बोर्ड बदला, मला त्याचं दुःख नाही, पण आधी तो माणूस पूर्ण सांगा.

काकांनाही एक सांगायचंय. मुंबईतून साहेब गेला. १९६५ मध्ये पुतळे फोडले, उचलले, राणीच्या बागेशेजारी म्युझियमच्या आवारात नेऊन ठेवले, ते ज्यांची भूमी त्यांच्या हातात सत्ता आली म्हणून जमलं. इथे साहेब गेलाच नाही. इथे मूळ लोक शंभरात तीन-चार आहेत आणि नावाचा, पुतळ्याचा, जमिनीचा निर्णय बाकीचे घेतात. १४ ऑक्टोबर २०२३ ला मूळ लोकांना संसदेपुढे मत मांडायला घटनेत एक कायमची जागा द्यावी का यावर सार्वमत झालं, साधारण साठ टक्के लोकांनी नाही म्हटलं, सहाच्या सहा राज्यांनी नाही म्हटलं. मतदान सक्तीचं, त्यामुळे नागरिकत्व घेतलेल्या आपल्या सगळ्यांनीही मत दिलंय. मी हो म्हटलं. आमच्या ओळखीतल्या बऱ्याच मराठी घरांत नाही होतं आणि कारण ठरलेलं, "आपणही गुलामीत होतो, आपण काही यांचं घेतलं नाही, आपला काय संबंध?"

संबंध असा. आपली माणसं आज घरं घेतायत ती मार्सडन पार्क, स्कोफील्ड्स, द पॉन्ड्स, कोलबी या भागात. मार्सडन पार्क हे त्याच पाद्र्याच्या नावाचं. कोलबी हे ज्याच्या नावाचं तो दरुग माणूस, त्याला आणि नुरगिंजीला मॅक्वारीने तीस एकर दिले, म्हणजे त्यांच्याच भूमीतला तुकडा त्यांना बक्षीस. शेजारी ब्लॅकटाऊन, ते नावच मूळ लोकांच्या मुलांना आईबापांपासून आणून ठेवलेल्या सरकारी शाळेवरून आलंय, १८२३ मध्ये ती शाळा पॅरामाटाहून तिथे हलवली. त्याच शाळेतल्या मारिया नावाच्या मुलीने १८१९ च्या परीक्षेत शंभरेक गोऱ्या मुलांना मागे टाकून पहिला नंबर काढला होता. शाळेची ती जागा दरुग लोकांना परत मिळाली २०१८ मध्ये. आपण कर्ज काढून, कष्टाने घर घेतो, त्यात काही गैर नाही, पण सातबारा मागे मागे नेत गेलं की एक नोंद अशी येते जिथे कुणी विकलेलंच नाही. जमिनीच्या कागदांवर पिढ्यान् पिढ्या कोर्टात भांडणाऱ्या आपल्या लोकांना हे कळायला जड जाऊ नये.

मुलीला यंदा पाचवीत वसाहतींचा इतिहास आहे, वसाहतीतल्या एका महत्त्वाच्या व्यक्तीवर प्रोजेक्ट करायचंय. वर्गात बरीच मुलं मॅक्वारी घेतायत, कारण माहिती सहज मिळते. तिने मारिया घेतलीय, सोबत जॉर्ज जार्व्हिसवर एक पान. बाईंनी ॲपिनबद्दलही लिही म्हणून सांगितलंय, हे मला इथल्या शाळेचं आवडतं, आमच्या लहानपणी इतिहासाच्या पुस्तकात गव्हर्नर म्हणजे सनावळी आणि सुधारणांची यादी एवढंच होतं.

मंडळाच्या मीटिंगमध्ये मी सुचवलंय की यंदा गणपतीत एक संध्याकाळ या विषयाला द्या, दरावल किंवा दरुग समाजातल्या कुणाला तरी मानधन देऊन बोलवा. सणात कशाला असं दुःखाचं, असं दोघातिघांचं म्हणणं पडलं. मला ते पटत नाही, सार्वजनिक गणपतीत व्याख्यानं होतात ती अशाच विषयांसाठी, आपल्या आजोबा-पणजोबांनी ती तशीच ऐकलीयत. निर्णय पुढच्या मीटिंगला आहे, मंडळाचे जे सभासद हे वाचतायत त्यांनी कृपया यावं आणि बोलावं. आणि दर एप्रिलमध्ये कॅटरॅक्ट धरणापाशी ॲपिनच्या लोकांचं स्मरण असतं, सगळ्यांना खुलं आहे. आम्ही पुढच्या वर्षी जाणार आहोत, ज्यांना यायचंय आणि गाडी नाही त्यांनी मला कळवा, दोन सीट रिकाम्या आहेत.