हुशार पोट्ट्यानं आयटीआयला काहून जाऊ नये?

दहावीचा निकाल लागला की आपल्या नागपुरात दोनच प्रश्न विचारले जातात: किती पडले, आणि सायन्सच ना? साठच्या खाली आले तर घरात सुतक. मग एखादा काका हळूच म्हणतो, "आयटीआयला टाकून द्या." आयटीआय म्हणजे हाताचं कसब शिकवणारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था. माझं म्हणणं उलट आहे. ज्याचं डोकं आणि हात दोन्ही चालतात, अशा पोट्ट्यानंच तिकडे जावं.

एप्रिलमध्ये कोणत्याही मोटर वायंडिंगच्या दुकानात पाच मिनिटं उभे राहून बघा. कूलरची जळकी मोटर उघडली की तो माणूस जुनी कॉइल काढतानाच वेढे मोजतो, तारेचा गेज, म्हणजे जाडी, बघतो, वहीत लिहितो. मग स्लॉटमध्ये, म्हणजे मोटरच्या खाचांत, कागद घालून नवी कॉइल बसवतो, वार्निश देतो, वाळवतो. वेढे कमी पडले की मोटर तापणार. स्टार्टिंगच्या कॉइलची टोकं उलटी जोडली की पंखा उलटा फिरणार. बीईच्या पुस्तकात हेच असतं, फक्त तिथे चूक झाली तर मार्क जातात, इथे गिऱ्हाईक जातं.

बरं, आयटीआय केलं म्हणजे पुढचं शिक्षण संपलं, असंही नाही. दहावीनंतर इलेक्ट्रिशियन किंवा फिटरचा दोन वर्षांचा ट्रेड, म्हणजे कोर्स, केला की पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचं प्रमाणपत्र लागतं, नुसती बीए-बीकॉमची पदवी तिथे चालत नाही. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळे कारखान्यात विद्यावेतनावर शिकता येतं.

आता खरं बोलायचं तर सगळं काही गोड नाही. हिंगणा, बुटीबोरीच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे राबणारे फिटर-वेल्डर मी बघितले आहेत, पगार हातात पडेपर्यंत काय काय कापून जातं तेही ऐकलं आहे. आणि आपण गिऱ्हाईक तरी कुठं सुधे आहोत? कॉलेजची लाखांची फी निमूट भरणारे आपण, एसीवाल्याला पाचशे रुपये देताना म्हणतो, "दहा मिनिटांचं तर काम होतं भाऊ!" लग्नाच्या बाजारात तर विचारूच नका. बेरोजगार इंजिनिअर चालतो, स्वतःचं दुकान असलेला वायंडर चालत नाही.

डॉक्टर व्हायचंय, व्हीएनआयटीसारख्या इंजिनिअरिंग कॉलेजला नंबर लागतोय, तर जा ना बाप्पा, कोण अडवतंय? पण निव्वळ "ग्रॅज्युएट तर होऊ दे" म्हणून तीन वर्षं काढायची असतील, तर आयटीआयचा ऑनलाइन अर्ज भरण्याआधी एकदा श्रद्धानंद पेठेतल्या सरकारी आयटीआयला पोराला घेऊन जा. वर्कशॉप दाखवा म्हणा. मशीन चालू आहेत की झाकून ठेवल्या आहेत ते बघा. शिकाऊ उमेदवार म्हणून मागच्या बॅचची पोरं कुठं लागली ते विचारा. आणि सर रोज येतात का, हे ऑफिसात नाही, बाहेर चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या पोट्ट्यांना विचारा.