पासवर्ड विसरण्याचे फायदे

डॉक्टर, नागपुरातून एमबीबीएस करून तुम्ही कॅलिफोर्नियात जम बसवलात, अख्ख्या आळीला अभिमान आहे. म्हणूनच आपुलकीने सांगतो: ते 'क्युअर्स' नावाचं सरकारी पोर्टल चुकूनही उघडू नका.

असतं काय त्यात? पेशंटला कुणी किती ऑक्सिकोडोन (अफूच्या जातीचं, व्यसन लावू शकणारं वेदनाशामक) लिहून दिलं, कुठल्या दुकानातून कधी उचललं, जोडीला चिंतेच्या गोळ्या चालू आहेत का. छे! दुसऱ्याच्या घरात डोकावणं आपल्या संस्कारात बसत नाही. (स्थळ बघताना मुलाचा पगार आणि त्याच्या आजोबांची शुगर विचारतो, ते वेगळं.)

पेशंट म्हणतो, "गोळ्या सिंकमध्ये पडल्या." विश्वास ठेवा. मागच्या महिन्यातही पडल्या होत्या. त्याच आठवड्यात आणखी दोन डॉक्टरांकडेही पडल्या असतील, पण बघितलं नाही तर कळत नाही, आणि कळलं नाही की झोप छान लागते.

ऑक्टोबर 2018 पासून कॅलिफोर्नियात हे बघणं बंधनकारक आहे म्हणे. असू द्या. मिसुरी राज्याने तर असं राज्यभराचं पोर्टल उभारण्याचाच कायदा केला तो थेट 2021 साली, सगळ्या राज्यांच्या शेवटी. घाई कशाला? 1996 साली ऑक्सिकॉन्टिन, म्हणजे ऑक्सिकोडोनचीच गोळी, बाजारात आली, तेव्हा व्यसनाची भीती नाही म्हणून सांगणारे प्रतिनिधी डॉक्टरांना गाणी भरलेल्या सीडी आणि मासेमारीच्या टोप्याही देत होते. ती गोळी विकणाऱ्या पर्ड्यू समूहातल्या कंपनीने 2007 साली दिशाभुलीचा गुन्हा कबूल केला खरा, पण टोप्या काही परत मागितल्या नाहीत.

पोर्टल उघडलंतच आणि तीन डॉक्टरांची नावं दिसली, तर बोलत बसू नका. दार दाखवा. व्यसनावरचं ब्युप्रेनॉर्फिन सुरू करणं, ओव्हरडोस उतरवणारं नॅलोक्सोन घरच्यांच्या हाती देणं, ही रिकामटेकड्यांची कामं. तो जाईल रस्त्यावर, फेंटानिल (त्याच जातीचं, कितीतरी जहाल औषध) घातलेल्या नकली गोळ्या घेईल. त्यांची नोंद कुठल्याच पोर्टलवर होत नाही. तुमचा हिशेब चोख.

फक्त टपालाकडे लक्ष ठेवा. सॅन दिएगोत एक भलताच प्रयोग झाला. ज्यांचे पेशंट ओव्हरडोसने गेले, त्या डॉक्टरांना तिथल्या वैद्यकीय परीक्षकांच्या (मृत्यूचं कारण तपासणाऱ्या सरकारी डॉक्टरांच्या) सहीचं पत्र गेलं: तुमचा अमुक पेशंट वारला. दंड नाही, दमदाटी नाही, पुढच्या वेळी पोर्टल बघा, जपून लिहून द्या, एवढीच विनंती. 2018 साली 'सायन्स' या शास्त्रीय नियतकालिकात त्याचा निकाल छापून आला: पत्र मिळालेल्यांनी लिहून दिलेल्या अफूच्या जातीच्या औषधांचं प्रमाण तीन महिन्यांत सुमारे 10 टक्क्यांनी उतरलं.

तेव्हा तसा लिफाफा आलाच, तर न फोडता बिलांच्या गठ्ठ्याखाली सरकवा. नाव वाचलंत तर चेहरा आठवेल, आणि मग ते सिंकही.